आतड्यातील श्लेष्मा : मलापासून तटापर्यंत एका कल्पनेचा इतिहास

१

मानवी शरीरात सूक्ष्मजंतूंची सर्वांत दाट वस्ती मोठ्या आतड्यात असते. तेथील द्रव्याच्या एका ग्रॅममध्ये सुमारे दहा हजार कोटी जंतू असतात. ही वस्ती आणि शरीराचे अंतरंग ह्यांच्या दरम्यान पेशींचा केवळ एक थर असतो. त्याच्या पलीकडे लगेच रक्तवाहिन्या आणि संरक्षक पेशी असतात. त्वचेला जशी अनेक पदरी, कठीण झालेल्या मृत पेशींची ढाल आहे, तशी आतड्याला नाही. असे असूनही निरोगी माणसाच्या आतड्यास सूज येत नाही, आणि जंतू व शरीर परस्परांच्या इतके निकट जन्मभर नांदतात. हे कसे घडते, ह्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर २००८ साली मिळाले. आतड्याच्या पृष्ठभागावर असलेला श्लेष्मा हे ते उत्तर होय.

श्लेष्मा हा काही दुर्बिणीतून शोधावा लागणारा पदार्थ नव्हे. तो सर्वांना ठाऊक होता, त्याला प्रत्येक भाषेत नाव होते आणि त्याच्यावर दोन हजार वर्षे ग्रंथरचना होत आली होती. मग त्याचे मुख्य कार्य कळण्यास एवढा विलंब का लागावा? ह्या विलंबास दोन कारणे प्रामुख्याने झाली असे दिसते. श्लेष्मा माणसाच्या दृष्टीस पडत असे तो बहुधा शरीराबाहेर, म्हणजे आपले स्थान सोडल्यावर. त्यामुळे त्याची गणना टाकाऊ पदार्थांत झाली आणि शब्दांनी ती गणना पक्की केली. पुढे सूक्ष्मदर्शक आला, तेव्हा ऊतक टिकविण्याच्या रूढ पद्धतीनेच तो पाहण्यापूर्वी नाहीसा होऊ लागला. प्रस्तुत लेखात ह्या दोन अडथळ्यांचा आणि ते दूर होण्याचा इतिहास थोडक्यात मांडला आहे.

२

प्रथम नावांचा विचार करणे इष्ट ठरेल. ग्रीक वैद्यकातील 'फ्लेग्मा' हा शब्द 'जळणे' ह्या अर्थाच्या धातूपासून झालेला आहे. म्हणजे मुळात तो दाहाचा वाचक होता. परंतु हिपॉक्रेटिसच्या परंपरेतील ग्रंथांत रक्त, पिवळे पित्त, काळे पित्त आणि फ्लेग्मा असे चार देहरस मानले गेले, आणि फ्लेग्म्याकडे थंडपणा व ओलावा हे गुण आले. व्युत्पत्ती एका दिशेस आणि व्यवहार दुसऱ्या दिशेस, असा हा प्रकार आहे. लॅटिनमध्ये ह्याच रसाला 'पिट्युइटा' म्हणत. गेलेनच्या मताप्रमाणे तो मेंदूत साचून कवटीच्या तळातून नाकात उतरत असे. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीचे 'पिट्यूटरी' हे नाव ह्या चुकीच्या समजुतीचे आजवर टिकलेले स्मारक होय. विटेनबर्ग येथील कॉनराड व्हिक्टर श्नायडर ह्याने १६६० पासून प्रसिद्ध केलेल्या पडशावरील ग्रंथात हा मार्ग अस्तित्वातच नाही आणि नाकातील स्राव नाकाच्या अस्तरातच तयार होतो, असे शारीरविच्छेदनाच्या आधारे दाखविले. समजूत गेली, पण मेंदूचा मळ ही श्लेष्म्याची प्रतिमा एकदम गेली नाही.

'म्यूकस' हा लॅटिन शब्द मूळचा नाकातील शेंबडाचा वाचक आहे. ग्रीक 'मिक्सा' हा त्याचा आप्त. निसरडेपणा हा दोहोंचा मूळ भाव. संस्कृत 'मुञ्चति' म्हणजे 'सोडतो' हे रूपही काही व्युत्पत्तिकार ह्याच कुळात घालतात. निसटणारी आणि टाकून द्यावयाची वस्तू, एवढाच आशय ह्या शब्दकुळात आढळतो.

भारतीय परंपरेतील चित्र ह्याहून काहीसे निराळे आहे. 'श्लेष्मन्' हा शब्द 'श्लिष्' म्हणजे आलिंगन देणे, चिकटणे ह्या धातूपासून झाला आहे, आणि सुश्रुतसंहितेत ही व्युत्पत्ती स्पष्टपणे सांगितलेली आहे. चरकसंहितेत तर प्रकृतिस्थ श्लेष्म्याला बल म्हटले असून विकृत झाल्यावरच त्याला मल ही संज्ञा दिली आहे. जुळविणारा, धरून ठेवणारा असा भाव ह्या संज्ञेत असल्यामुळे तिच्याकडे केवळ त्याज्य पदार्थ म्हणून पाहिले गेले नाही. तथापि येथे सावधपणा राखला पाहिजे. चरकाचा श्लेष्मा हा त्रिदोषांपैकी एक असून तो सर्व शरीराशी संबद्ध आहे. आतड्याच्या पृष्ठभागावरील विशिष्ट थराची कल्पना त्यात नाही, आणि सूक्ष्मजंतूंची तर नाहीच. धातूचा अर्थ आधुनिक शोधाशी जुळला म्हणजे तो शोध प्राचीनांना अवगत होता, असे अनुमान भाषेच्या इतिहासाला मान्य होण्यासारखे नाही.

मराठीतील 'आव' हा शब्द ह्या संदर्भात विशेष उद्बोधक आहे. 'ग्राम'चे गाव, 'नाम'चे नाव, त्याचप्रमाणे 'आम'चे आव. स्वरांमधील मकाराचा अनुनासिक वकार आणि पुढे अनुनासिकाचा लोप, हा मराठीचा नेहमीचा ध्वनिनियम येथे दिसतो. 'आम' म्हणजे कच्चे, न पचलेले. मलावाटे पडणारा चिकट पदार्थ हे न पचलेल्या अन्नाचेच रूप होय, अशी उपपत्ती ह्या नावात गोठलेली आहे. 'आव पडते' असे मराठी माणूस म्हणतो तेव्हा त्याच्या दृष्टीने काहीतरी वाईट बाहेर पडत असते. वस्तुतः त्या वेळी आतड्याच्या संरक्षक आवरणाचा एक भाग गळून पडत असतो. रोगाच्या वेळी दिसणारा पदार्थ म्हणजे रोगच, असा समज होणे स्वाभाविक होते. कारण आरोग्याच्या वेळी तो पदार्थ दिसतच नसे.

३

आधुनिक शारीरविज्ञानात श्लेष्म्याला पहिले मानाचे स्थान दिले ते फ्रान्समधील झाव्हिए बिशा ह्याने. १८०० च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या पटलांविषयीच्या ग्रंथात त्याने शरीरातील पटलांचे वर्गीकरण केले आणि ज्या पोकळ्या बाहेरच्या जगाशी जोडलेल्या आहेत त्यांच्या अस्तराला श्लेष्मल पटल असे नाव दिले. हे पटल म्हणजे आत वळलेली त्वचाच होय, ही त्याची तुलना महत्त्वाची होती. बाह्य जगाशी संबंध येणाऱ्या पृष्ठभागाला संरक्षणाची गरज असणार, हे तिच्यात गृहीत होते.

१८३७ साली जर्मन शारीरविज्ञ याकोब हेन्ले ह्याने आतड्याच्या अस्तरातील पेल्यासारख्या आकाराच्या पेशींचे वर्णन केले. त्या श्लेष्मा निर्माण करतात हे फ्रान्ट्स लायडिग ह्याने १८५७ मध्ये माशांच्या त्वचेच्या अभ्यासातून दाखविले, आणि १८६७ मध्ये फ्रान्ट्स आयलहार्ड शुल्ट्से ह्याने त्यांना 'चषक पेशी' हे आज रूढ असलेले नाव दिले. अशा रीतीने शंभर वर्षांहून अधिक काळापूर्वीच श्लेष्म्याचे उगमस्थान निश्चित झाले होते. तो कशासाठी, ह्या प्रश्नाला मात्र अन्नाची वाट निसरडी करण्यासाठी, एवढेच उत्तर दिले जाई.

ह्याच सुमारास जंतुशास्त्राचा उदय झाला. टेओडोर एशरिख ह्याने १८८५ मध्ये अर्भकांच्या मलातून जो जंतू वेगळा केला तो पुढे त्याच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. आतड्यात जंतू आहेत हे सिद्ध होताच त्यांची भीती वाटू लागली. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील इल्या मेच्निकॉव्ह ह्याने १९०३ मध्ये आपल्या ग्रंथात असे मत मांडले की मोठे आतडे हा उत्क्रांतीचा निरुपयोगी अवशेष असून तेथील कुजण्याच्या क्रियेतून निघणारी विषे माणसास अकाली वृद्ध करतात. लंडनच्या गाय्ज रुग्णालयातील शल्यचिकित्सक सर विल्यम आर्बथनॉट लेन ह्याने हा विचार शस्त्रक्रियेपर्यंत नेला. बद्धकोष्ठ आणि त्यातून उद्भवणारी मानली गेलेली नाना दुखणी ह्यांवर उपाय म्हणून त्याने रुग्णांचे मोठे आतडेच काढून टाकण्यास प्रारंभ केला. १९१३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये ह्या आंत्रविषबाधेच्या कल्पनेवर मोठी चर्चा झाली. पुढे ही कल्पना मागे पडली. परंतु तोवर अनेक रुग्णांनी तिची किंमत दिली होती. जंतू आणि शरीर ह्यांच्यामध्ये काही आडोसा असेल, ह्याचा विचार ह्या वादात जवळजवळ नव्हता. आतडे म्हणजे गळके गटार, असे समजून निर्णय घेतले गेले.

४

श्लेष्मा जंतूंच्या विरुद्ध काम करतो ही कल्पना प्रयोगाच्या पातळीवर आली ती नाकाच्या वाटेने. १९२२ साली अलेक्झांडर फ्लेमिंग ह्याने सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातील श्लेष्म्यामुळे एका जातीचे जंतू विरघळून जातात असे प्रसिद्ध केले. ह्या द्रव्याला त्याने 'लायसोझाइम' हे नाव दिले. दोन हजार वर्षे मेंदूचा मळ मानल्या गेलेल्या पदार्थात जंतुनाशक द्रव्य सापडावे, ही घटना लक्षणीय होती.

ह्या शोधाकडे हॉवर्ड फ्लोरी ह्याचे लक्ष वेधले गेले. पेनिसिलिनशी त्याचे नाव कायमचे जोडलेले आहे. परंतु त्याला तेथपर्यंत नेले ते श्लेष्म्याने, ही गोष्ट क्वचितच सांगितली जाते. १९३० साली त्याने मोठ्या आतड्यातील श्लेष्मस्रावावर, आणि त्याच वर्षी गोल्ड्सवर्दी ह्याच्यासह श्लेष्म्याच्या जंतुविरोधी गुणांवर निबंध प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये त्याने श्लेष्म्याचे कार्य आणि आतड्यावरील जंतूंच्या आक्रमणाची पहिली अवस्था हा विषय हाताळला. मृत ऊतकाच्या चकत्यांवर विसंबून न राहता जिवंत प्राण्याच्या आतड्याचे निरीक्षण करण्यावर त्याचा भर होता. पृष्ठभागावर येणारे परके कण श्लेष्म्यात गुरफटतात आणि आतड्याच्या हालचालीबरोबर पुढे वाहून नेले जातात, हे त्याच्या ध्यानात आले.

१९३५ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. तेथे १९३७ मध्ये एब्राहम आणि रॉबिन्सन ह्यांनी लायसोझाइमचे स्फटिक मिळविले, आणि अर्न्स्ट चेन ह्याने त्याचे रासायनिक कार्य शोधण्याचे काम हाती घेतले. निसर्गात आढळणाऱ्या अशाच अन्य जंतुविरोधी द्रव्यांची माहिती गोळा करीत असताना चेनच्या हाती फ्लेमिंगचा १९२९ चा पेनिसिलिनवरील निबंध आला. त्यानंतरची हकीकत सर्वश्रुत आहे. १९४५ चे नोबेल पारितोषिक तिघांना मिळाले. फ्लोरीने मात्र आपला जुना विषय सोडला नाही. १९५५ साली रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात त्याचा 'म्यूसिन आणि शरीराचे संरक्षण' ह्या आशयाच्या शीर्षकाचा लेख प्रसिद्ध झाला. ज्या काळात प्रतिजैविक औषधांकडे सर्वांचे डोळे लागले होते, त्या काळात त्या औषधांचा एक जनक शरीराच्या स्वतःच्या व्यवस्थेकडे लक्ष वेधीत होता.

विरुद्ध बाजूचा पुरावाही येथे नमूद केला पाहिजे. १९३२ मध्ये अमेरिकेतील नंगेस्टर व त्याचे सहकारी ह्यांना असे आढळले की जठरातील म्यूसिन जंतूंबरोबर मिसळून उंदराच्या उदरपोकळीत टोचले असता जंतूंची मारकता कमी न होता उलट वाढते. ही विसंगती वाटते, पण तसे नाही. जो पदार्थ पृष्ठभागावर पसरून जंतूंना दूर ठेवतो, तोच शरीराच्या आत गेल्यास जंतूंना आडोसा देतो. श्लेष्म्याचे कार्य त्याच्या स्थानावर आणि रचनेवर अवलंबून आहे. ते त्या द्रव्यात सुटेपणाने वसत नाही. नेमकी हीच रचना दृष्टीस पडत नव्हती.

५

ती का दिसत नव्हती, ह्याचे कारण प्रयोगशाळेच्या दैनंदिन व्यवहारात आहे. ऊतक टिकविण्यासाठी सर्वत्र पाण्यात मिसळलेले फॉर्मॅलिन वापरले जाते. श्लेष्म्याचा बहुतांश भाग पाणीच असल्यामुळे ह्या पद्धतीत, आणि पुढे ऊतकातील पाणी काढून टाकताना, त्याचा थर आक्रसतो किंवा निघून जातो. चकतीत पेशी सुस्पष्ट दिसतात आणि त्यांच्यावर रिकामी जागा दिसते. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ही रिकामी जागा पाहिली आणि तिला आतड्याची पोकळी समजले. बेल्जियममधील जाँ-बातिस्त कार्न्वा ह्याच्या नावाने ओळखला जाणारा मद्यार्क, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्ल ह्यांचा पाणीविरहित द्राव एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उपलब्ध होता. त्याने श्लेष्मा बऱ्याच अंशी जागच्या जागी राहतो. साधन होते, पण त्या साधनाने विचारावयाचा प्रश्न दीर्घकाळ कोणी विचारला नव्हता. १९९७ मध्ये जपानी संशोधकांनी मानवी मोठ्या आतड्यावरील श्लेष्मथर ह्याच द्रावाच्या साहाय्याने राखून तपासला.

दरम्यान रसायनशास्त्राने आपले काम केले होते. श्लेष्म्याला त्याचा घट्टपणा देणारी म्यूसिने ही अतिशय मोठी प्रथिने असून त्यांच्या वजनाचा बहुतांश, सुमारे चार पंचमांश, भाग त्यांना जडलेल्या शर्करांच्या साखळ्यांचा असतो. आतड्यातील प्रमुख म्यूसिनाचा, म्हणजे 'म्यूक-२' ह्याचा, जनुकीय आराखडा १९८९ पासून कळू लागला. ह्या प्रथिनाच्या साखळीत पाच हजारांहून अधिक ॲमिनो आम्ले असतात. चषक पेशीत हे रेणू टोकांशी एकमेकांस जोडले जाऊन जाळे तयार होते. ते कॅल्शियमच्या साहाय्याने घट्ट घडी घालून साठविले जाते. बाहेर पडताच बायकार्बोनेटच्या योगाने कॅल्शियम दूर होते आणि घडी उलगडून तिचे आकारमान शेकडो पटींनी वाढते.

२००१ साली स्वीडनमधील उप्साला आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी जिवंत उंदरांच्या मोठ्या जातीवर प्रत्यक्ष मोजमाप केले. मोठ्या आतड्यात श्लेष्म्याची जाडी सुमारे ८०० मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या चार पंचमांशाइतकी, भरली. त्यातील वरचा सैल भाग शोषून काढता येतो, पण खालचा सुमारे १०० मायक्रोमीटरचा भाग घट्ट चिकटून राहतो, असे दिसले. लहान आतड्यात असा घट्ट थर जवळजवळ आढळला नाही.

ह्या दोन थरांचा अर्थ लागला तो २००८ साली. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे मालिन योहान्सन, गुन्नार हान्सन व त्यांचे सहकारी ह्यांनी उंदरांच्या मोठ्या आतड्याचा भाग त्यातील द्रव्यासह कार्न्वाच्या द्रावात टिकविला, म्यूक-२ आणि जंतू ह्यांना निरनिराळ्या चमकत्या रंगांनी दर्शविले आणि चकत्या तपासल्या. बाहेरचा सैल थर जंतूंनी भरलेला होता. आतल्या, सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीच्या थरात जंतू नव्हते. दोन्ही थर एकाच म्यूसिनाचे बनलेले होते. फरक होता तो विणीचा. आतला थर एकावर एक बसलेल्या जाळीदार पदरांचा असून त्याची छिद्रे जंतूंना पार करता येण्याजोगी नसतात. ठरावीक सीमेवर शरीराची स्वतःची विकरे ते जाळे थोडे सैल करतात, त्याचे आकारमान सुमारे चौपट होते आणि जंतूंना शिरकाव मिळतो. ज्या उंदरांत म्यूक-२ चे जनुक नष्ट केलेले होते त्यांच्या आतड्यात जंतू थेट पेशींना भिडलेले आढळले. अशा उंदरांना मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो हे २००२ मध्ये, आणि आपोआप आंत्रदाह होतो हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेच होते. त्याचे कारण आता उलगडले.

६

ह्या शोधानंतर श्लेष्मथराचे जे चित्र उभे राहिले ते अचल भिंतीचे नाही. उंदराच्या मोठ्या आतड्यातील आतला थर सुमारे एका तासात नवा होतो, असे २०१२ मध्ये दिसून आले. खालून तो सतत विणला जातो आणि वरून उसवला जातो. लहान आतड्यात अन्न शोषले जावयाचे असल्याने तेथे एकच सैल थर असतो, आणि जंतूंना दूर ठेवण्याचे काम पेशींतून स्रवणाऱ्या जंतुविरोधी प्रथिनांवर अधिक सोपविलेले असते. फ्लेमिंगचे लायसोझाइमही त्यांत आहे. म्हणजे श्लेष्म्याची जाळी आणि तीत धरून ठेवलेली ही द्रव्ये एकत्र काम करतात.

बाहेरचा थर तर जंतूंचे घर आणि अन्नही आहे. त्यातील शर्करांवर जगणारा एक जंतू नेदरलँड्समधील वाखेनिंगेन येथे वेगळा करण्यात आला आणि २००४ मध्ये त्यास 'अकरमान्सिया म्यूसिनिफिला' हे नाव मिळाले. नावाचा उत्तरार्ध 'म्यूसिनप्रिय' असा आहे. ज्या शब्दकुळात आजवर केवळ किळस होती त्यात प्रीतीचा प्रत्यय प्रथमच लागला, असे म्हणावयास हरकत नाही. मात्र ह्या प्रीतीला मर्यादा हवी. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगात आहारातून तंतुमय पदार्थ काढून टाकताच जंतू श्लेष्म्यावर अधिक तुटून पडले, थर पातळ झाला आणि रोगकारक जंतूचा उपद्रव वाढला. उलट जंतूच नसतील तरीही थर नीट घडत नाही: निर्जंतुक वातावरणात वाढविलेल्या उंदरांच्या आतड्यात जंतू सोडल्यावर मोठ्या आतड्यातील थर पूर्णपणे अभेद्य होण्यास पाच-सहा आठवडे लागतात, असे २०१५ मध्ये आढळले. ज्यांच्यापासून रक्षण करावयाचे त्यांचाच त्या रक्षणाच्या घडणीत हात असतो.

हा तट फोडणारेही आहेत. आमांशाचा अमीबा, जो १८७५ मध्ये फ्योदर ल्योश ह्याने सेंट पीटर्सबर्ग येथे रुग्णाच्या मलात प्रथम पाहिला, तो श्लेष्म्यातील शर्करांना चिकटून राहतो आणि आपल्या विकराने म्यूक-२ ची साखळी नेमक्या ठिकाणी तोडतो. हा छेद २००६ मध्ये दाखविला गेला. जाळे सुटले की त्याला पेशींपर्यंत वाट मिळते. व्रणयुक्त बृहदांत्रदाह झालेल्या रुग्णांत आजार जोरात असताना आतल्या थरात जंतू शिरू शकतात, हे २०१४ मध्ये मानवी ऊतकांवर दिसून आले. ह्या रुग्णांपैकी काहींचे मोठे आतडे आजही काढावे लागते. परंतु लेनच्या काळी ते निरुपयोगी म्हणून काढले जाई. आज त्याचा तट का ढासळला आणि तो पुन्हा उभारता येईल काय, ह्या दिशेने संशोधन चालू आहे.

७

ह्या सर्व विवेचनाचे तात्पर्य असे की श्लेष्म्याविषयीचे अज्ञान हे निरीक्षणाच्या अभावातून आलेले नव्हते, चुकीच्या जागी केलेल्या निरीक्षणातून आलेले होते. प्राचीनांनी तो शरीराबाहेर पाहिला आणि त्याला मळ ठरविले. ऊतकशास्त्रज्ञांनी तो नाहीसा झाल्यावर पाहिले आणि त्याची जागा रिकामी ठरविली. फ्लोरीने जिवंत आतड्यावर आणि गोथेनबर्गच्या संशोधकांनी आतील द्रव्यासह राखलेल्या आतड्यात तो पाहिला, तेव्हा त्याचे कार्य स्पष्ट होऊ लागले. शब्दांच्या बाबतीत मात्र घाई होण्याचा संभव नाही. मराठी माणसाला आव पडतच राहणार, आणि तो शब्द बदलण्याचे कारणही नाही. त्या शब्दात साठलेली उपपत्ती आता इतिहासजमा झाली आहे, एवढे त्याच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे.